वर्तनवाद आणि त्याचे अध्ययन उपपत्तींमधील स्थान : बीड जिल्ह्यातील शालेय वास्तवाच्या संदर्भात एक पुनर्विचार

प्रस्तावना

मराठीतून शिकविल्या जाणाऱ्या शैक्षणिक मानसशास्त्रात वर्तनवादाचे स्थान मोठे चमत्कारिक झाले आहे. डी.एड., बी.एड. आणि पदवी स्तरावरील पाठ्यपुस्तकांत अध्ययन उपपत्तींचे प्रकरण पाव्हलॉव्हच्या कुत्र्यापासून सुरू होते, थॉर्नडाइकचे मांजर आणि स्किनरचा उंदीर यांच्यामार्गे कोहलरच्या चिंपांझीपर्यंत येते, आणि पियाजे, ब्रूनर, व्हायगॉट्स्की यांची नावे येऊ लागली की प्राण्यांची रांग संपते. वाचकाच्या मनावर ठसा उमटतो तो शिडीचा. खालची पायरी वर्तनवादाची, वरची ज्ञानरचनावादाची. वर चढलेल्याने खाली पाहण्याचे कारण नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आणि त्यानंतर आलेला महाराष्ट्राचा राज्य अभ्यासक्रम आराखडा २०१० यांनी ज्ञानरचनावादाचा पुरस्कार केल्यापासून तर वर्तनवाद म्हणजे घोकंपट्टी, छडी आणि मुलाला यंत्र समजणे, असे समीकरणच शिक्षक प्रशिक्षणात रूढ झाले आहे.

हे समीकरण तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शिक्षा, बक्षीस, भत्ता, गुण या साधनांनी शाळा आजही चालते. मात्र ही साधने केव्हा परिणाम करतात आणि केव्हा करीत नाहीत, याविषयी वर्तनवाद्यांनी जे काटेकोरपणे शोधून काढले ते शाळेपर्यंत पोहोचलेच नाही. अपेक्षित वर्तन घडले नाही तर दोष अध्ययनार्थ्याकडे न शोधता परिस्थितीच्या मांडणीत शोधावा, हा वर्तनवादाचा सर्वांत उपयुक्त आग्रह होता. ज्या जिल्ह्यातील हजारो मुले दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आईवडिलांबरोबर ऊसतोडीला निघून जातात, त्या बीड जिल्ह्यात हा आग्रह विसरणे परवडणारे नाही.

उपपत्ती आणि तिची पाठ्यपुस्तकी प्रतिमा

इव्हान पाव्हलॉव्ह हा मुळात शरीरशास्त्रज्ञ. त्याला १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. अभिसंधानाचा शोध हे त्या संशोधनाचे उपफल होते. जॉन वॉटसनने १९१३ मध्ये मानसशास्त्र हे वर्तनाचे शास्त्र असल्याचे जाहीर केले आणि १९२० मध्ये रोझली रेनर हिच्यासह 'अल्बर्ट' या बालकाच्या मनात पांढऱ्या उंदराविषयी भीती निर्माण करून दाखविली. हा प्रयोग नैतिकदृष्ट्या निंद्यच होता. परंतु त्यानंतर चारच वर्षांनी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स हिने 'पीटर' या मुलाची सशाविषयीची भीती, तो आवडता खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणत, घालवून दाखविली. मराठी पाठ्यपुस्तकांत अल्बर्ट हमखास भेटतो, पीटर क्वचितच. भीती कशी बसते हे भावी शिक्षकाला सांगितले जाते. ती कशी घालवावी, हे सांगायचे राहून जाते. गणिताच्या तासाला ज्याच्या पोटात गोळा येतो अशा मुलाला उपयोगी पडणारा भाग नेमका हाच आहे.

थॉर्नडाइकच्या बाबतीत हानी अधिक झाली आहे. सज्जतेचा, सरावाचा आणि परिणामाचा असे त्याचे तीन नियम परीक्षेत विचारले जातात आणि विद्यार्थी ते तोंडपाठ लिहितात. तथापि, थॉर्नडाइकने स्वतःच १९३० च्या सुमारास त्यांतील दोन नियमांत मोठी दुरुस्ती केली. डोळे मिटून ठरावीक लांबीच्या रेषा पुन्हा पुन्हा काढणाऱ्या व्यक्तींना रेषा बरोबर आली की चुकली हे सांगितले नाही, तर कितीही सराव झाला तरी अचूकता वाढत नाही, असे त्याला आढळले. म्हणजे नुसत्या पुनरावृत्तीने अध्ययन होत नाही. परिणामाचे ज्ञान हवे. परिणामाच्या नियमातही सुखद परिणाम जितका प्रभावी, तितका दुःखद परिणाम प्रभावी नसतो, असे त्याने नमूद केले. चुकलेला शब्द पंचवीस वेळा लिहून आणण्याची शिक्षा देणारा शिक्षक आपण थॉर्नडाइकचा सरावाचा नियम पाळत आहोत असे समजतो. नियमाचा कर्ता तो सोडून नव्वदहून अधिक वर्षे झाली.

बी. एफ. स्किनरच्या वाट्याला आलेला गैरसमज आणखी ठळक आहे. त्याने १९३८ च्या ग्रंथापासून साधक अभिसंधानाची जी मांडणी केली तिच्यात प्रबलन ही मध्यवर्ती संकल्पना आहे. ज्या परिणामामुळे वर्तन वाढते ते प्रबलन. हवीशी गोष्ट मिळाल्याने वर्तन वाढले तर धन प्रबलन आणि नकोशी गोष्ट दूर झाल्याने वाढले तर ऋण प्रबलन. दोहोंत वर्तन वाढतेच. शिक्षेत वर्तन दडपले जाते, म्हणून शिक्षा आणि ऋण प्रबलन या दोन भिन्न गोष्टी होत. असे असूनही 'शिक्षा म्हणजे ऋण प्रबलन' हे वाक्य मार्गदर्शक पुस्तिकांतून आणि उत्तरपत्रिकांतून निर्वेधपणे वावरत असते. येथे चूक केवळ व्याख्येची नाही. शिक्षेला प्रबलनाच्या कुळात बसविले की छडीला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे वाटते, आणि शिक्षेचा आयुष्यभर विरोध करणारा स्किनर तिचा समर्थक ठरतो.

ज्या वर्तनवादाला वर्गाबाहेर काढल्याचे सांगितले जाते तो पाठ टाचणात मात्र सुखाने नांदतो आहे. 'विद्यार्थी प्रत्यास्मरण करतो', 'विद्यार्थी उदाहरणे देतो', 'विद्यार्थी फरक स्पष्ट करतो' ही स्पष्टीकरणे निरीक्षणक्षम वर्तनाच्या भाषेतच लिहावी लागतात. सूक्ष्म अध्यापनातील प्रबलन कौशल्यात 'शाबास', 'छान' हे शब्द किती वेळा उच्चारले याची नोंद होते. मात्र ते शब्द कोणत्या उत्तरानंतर, किती तत्परतेने आणि कोणत्या मुलाला उद्देशून उच्चारले गेले, हा उपपत्तीच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न निरीक्षण तक्त्यात सहसा बसत नाही. प्रशिक्षणार्थी वर्तनवादाच्या नमुन्यात टाचण लिहितो आणि ज्ञानरचनावादावर निबंध लिहितो. या दोहोंतील विसंगतीकडे त्याचे लक्ष वेधले जात नाही.

शिक्षा, कॉपी आणि भरारी पथक

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास यांना बंदी आहे. ही बंदी मानवी हक्कांच्या भूमिकेतून आली आणि ते योग्यच झाले. तथापि, तिच्या मागे प्रयोगशाळेतील पुरावाही होता. विल्यम एस्टेस याने १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दांडा दाबल्यावर विजेचा सौम्य धक्का बसलेल्या उंदरांनी ते वर्तन काही काळ थांबविले. धक्के बंद होताच ते हळूहळू परतले. तीव्र, तात्काळ आणि अटळ शिक्षेने वर्तन दीर्घकाळ दडपता येते, असे पुढील संशोधनात दिसून आले, हेही येथे नोंदविले पाहिजे. परंतु अशी शिक्षा शाळेत देता येणार नाही आणि देऊही नये. शाळेत असते ती उशिरा येणारी, कधी होणारी, कधी न होणारी शिक्षा. तिच्यातून मूल शिकते ते शिक्षा करणाऱ्याला चुकविण्याचे तंत्र.

दहावी-बारावीच्या परीक्षांतील कॉपी हे याचे बोलके उदाहरण होय. मराठवाड्यात हा विषय दर फेब्रुवारी-मार्चमध्ये चर्चेला येतो. कॉपीमुक्त अभियान जाहीर होते, बैठी पथके आणि भरारी पथके नेमली जातात. पथकाची गाडी दिसली की केंद्राबाहेरचा जमाव पांगतो, खोलीतील चिठ्ठ्या नाहीशा होतात आणि गाडी गेली की पूर्वस्थिती येते. वर्तनवादी परिभाषेत गाडी हा भेदक चेतक झाला. ती असताना कॉपी केल्यास शिक्षा आहे, ती नसताना गुण आहेत. विद्यार्थी हा भेद अचूक शिकला, म्हणजे अध्ययन झालेच. फक्त ते अभ्यासक्रमात अपेक्षित नव्हते.

पथके नेमू नयेत असा याचा अर्थ नाही. पण कॉपीचे प्रबलक अबाधित ठेवून केवळ शिक्षेची शक्यता वाढविल्यास वर्तन दबते आणि संधी मिळताच उसळते, हे सांगायला नव्या संशोधनाची गरज नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पहिली ते नववी या काळात अभ्यास करण्याच्या वर्तनाला किती वेळा, किती लवकर आणि किती निश्चित प्रबलन मिळाले? वर्षअखेरीच्या एका निकालावर सारी भिस्त असेल तर वर्तन आणि परिणाम यांतील अंतर दहा-अकरा महिन्यांचे होते. एवढ्या अंतरावरचे प्रबलन कोणत्याही प्राण्याचे वर्तन घडवीत नाही. स्किनर १९५३ मध्ये मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला तेव्हा त्याला हेच खटकले होते. आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलांना वेळेवर कळतच नव्हते. त्याच्या अध्यापन यंत्राचा आणि क्रमान्वित अध्ययनाचा उगम तेथे आहे.

फडावरचे प्रबलन आणि शाळेतले प्रबलन

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, गेवराई, परळी आदी तालुक्यांतून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. शाळा जूनच्या मध्यास सुरू होते. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास हलतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. ज्या घरी मुलांना सांभाळणारे म्हातारे माणूस नाही त्या घरची मुले बरोबर जातात. कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे, जरा मोठे झाल्यावर वाढे गोळा करणे, मोळी बांधायला हात लावणे ही त्यांची कामे.

या मुलांविषयी शाळेच्या दप्तरात 'अनियमित', 'अप्रगत', 'पालक उदासीन' असे शेरे आढळतात. हे सारे शेरे व्यक्तीच्या आत असलेल्या गुणदोषांचे आहेत. वर्तनवादी अभ्यासक येथे प्रथम परिस्थिती पाहील. फडावर मूल जे करते त्याचा परिणाम त्याच संध्याकाळी दिसतो. वाढ्याची पेंढी विकली की पैसे येतात, त्यातून तेल-मीठ येते, आई शाबासकी देते. शाळेत मूल जे करते त्याचा परिणाम दूर, अनिश्चित आणि बऱ्याचदा अदृश्य असतो. दोन प्रबलन योजनांच्या या स्पर्धेत मूल पहिलीकडे ओढले गेले तर त्यात उदासीनता कसली? ते परिस्थितीचे नियम बिनचूक शिकले आहे.

प्रौढांची स्थितीही याच दृष्टीने तपासण्याजोगी आहे. टनावर मिळणारी मजुरी ही वरवर पाहता फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ मध्ये वर्णिलेली स्थिर गुणोत्तर प्रबलन योजना होय : इतके काम, इतके दाम. प्रत्यक्षात मात्र मजुराने हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बक्षीस आधी आणि वर्तन नंतर, असा हा उलटा क्रम आहे. त्यामुळे कोयता चालतो तो मिळकतीच्या ओढीने कमी आणि उचल फिटावी म्हणून अधिक. शिवाय एखादा दिवस काम चुकले तर खाडा कापला जातो. नकोशी गोष्ट टळावी म्हणून केलेले हे वर्तन ऋण प्रबलनाचे शुद्ध उदाहरण आहे. 'ऋण' या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडावेत, असा प्रसंग परिभाषेत विरळाच. पाठ्यपुस्तककारांनी ऋण प्रबलनासाठी अमेरिकन प्रयोगशाळेतील उंदराचे उदाहरण देण्याऐवजी हे दिले असते, तर शिक्षेशी होणारी गल्लत आपोआप टळली असती.

शासनाने मुलांना शाळेत आणण्यासाठी जे उपाय केले तेही उपपत्तीच्या कसोटीवर घासून पाहता येतात. १९९२ पासून दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. पुढील तीन दशके हा दर एक रुपयाच राहिला. रक्कम रोज मुलीच्या हाती पडत नाही. ती मागाहून, एकत्रित आणि पालकाकडे जाते. म्हणजे प्रबलक क्षीण, विलंबित आणि ज्याचे वर्तन वाढवायचे त्याच्यापासून दूर. योजनेमागील हेतू स्तुत्य असला तरी वर्तनवादाचे साधे नियमही तिच्या रचनेत पाळले गेले नाहीत. शालेय पोषण आहाराची कथा उलट आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात प्रारंभी महिन्याच्या हजेरीवर तीन किलो धान्य घरी दिले जाई; २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजविलेले अन्न शाळेतच मिळू लागले. धान्य महिन्याने येत होते, खिचडी त्याच दुपारी येते आणि ज्याने हजेरी लावली त्याच्याच ताटात पडते. प्रबलन योजना म्हणून दुसरी रचना निःसंशय सरस आहे.

मात्र प्रबलन ज्या वर्तनाला लागून येते तेच वर्तन वाढते, हे येथे विसरून चालणार नाही. खिचडी हजेरीला जोडलेली आहे, वाचनाला नाही. पटावरची उपस्थिती वाढूनही वाचता न येणारी मुले चौथी-पाचवीत राहिली, तर खिचडी अयशस्वी ठरली असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिच्याकडे जे काम सोपविले होते ते तिने केले. वर्गातल्या कामाला प्रबलन देणे हे शिक्षकाचे काम होते.

वर्तनवाद जेथे अपुरा पडतो

येथवरच्या विवेचनावरून वर्तनवाद सर्व काही उलगडतो असा समज होऊ नये. भाषेच्या प्रश्नावर तो पार अडखळतो. स्किनरने १९५७ मध्ये भाषिक वर्तनावर ग्रंथ लिहिला आणि नोम चॉम्स्कीने १९५९ मध्ये त्याचे प्रसिद्ध परीक्षण करून, मूल पूर्वी कधीही न ऐकलेली वाक्ये तयार करते ती कोणत्या प्रबलनाने, असा मूलभूत प्रश्न केला. याचे उत्तर बीड जिल्ह्यातील कोणत्याही तांड्यावर पाहता येईल. बंजारा मूल घरी गोरबोली बोलते, शेजारच्या गावात मराठी ऐकते, आणि आईबरोबर कर्नाटकातील कारखान्यावर गेले तर एका हंगामात कामापुरती कन्नडही उचलते. त्यासाठी त्याला कोणी साखरेचा खडा दिलेला नसतो. हेच मूल पहिलीच्या वर्गात प्रमाण मराठीतील प्रश्नापुढे गप्प बसते आणि 'बोलत नाही' असा शेरा मिळवते. त्याची क्षमता वर्तनात दिसली नाही म्हणून ती नाही, असे समजण्याची चूक वर्तनवाद सहज करू शकतो. एडवर्ड टोलमनने १९३० मधील सुप्त अध्ययनाच्या प्रयोगांत हेच दाखविले होते : प्रबलन नसतानाही उंदीर चक्रव्यूहाचा नकाशा शिकत होते, फक्त ते वर्तनात उतरायला निमित्त लागले.

अल्बर्ट बांडुरा याच्या १९६१ च्या प्रयोगातून पुढे आलेले निरीक्षणात्मक अध्ययनही दुर्लक्षिता येत नाही. मोठ्यांना बाहुलीशी आक्रमकपणे वागताना पाहूनच मुलांनी ते वर्तन उचलले, स्वतः कोणतेही बक्षीस न मिळविता. बक्षिसाच्या मर्यादेविषयी लेपर, ग्रीन व निस्बेट यांचा १९७३ चा अभ्यास तर प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. ज्या बालकांना चित्र काढायला मुळातच आवडत होते त्यांना बक्षिसाचे आमिष दाखवून चित्रे काढायला लावली, तेव्हा पुढे मोकळ्या वेळेत त्यांनी चित्रे काढणे कमी केले. गोष्टीच्या पुस्तकावर आपणहून झडप घालणाऱ्या मुलाला वाचनाबद्दल तारे आणि बिल्ले देणाऱ्या उपक्रमांनी याचा विचार करावयास हवा.

महाराष्ट्राला ही जाणीव परदेशी प्रयोगांच्या आधीपासून होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला तो मॉन्टेसरींच्या विचारावर, आणि त्या विचारात शिक्षेइतकेच बक्षीसही त्याज्य होते. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम करताना कुरणशाळा चालविली. गुरे राखणारे मूल शाळेत येत नाही म्हणून त्याला दोष न देता शाळाच कुरणात नेली. ताराबाईंनी वर्तनवादाचे नाव घेतले नाही, आणि त्यांच्या बालस्वातंत्र्याच्या कल्पनेशी तो जुळलाही नसता. तथापि, 'वर्तन हवे असेल तर परिस्थिती बदला' हे सूत्र कुरणशाळेइतके स्पष्ट क्वचितच कोठे आचरणात आले असेल. साखर कारखान्यांच्या परिसरात चालविल्या गेलेल्या साखरशाळा या तिच्याच वंशातल्या. एकमेकींना खोडून काढणाऱ्या म्हणून शिकविल्या जाणाऱ्या दोन परंपरा प्रत्यक्ष कामात एकाच जागी पोहोचतात, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या शिडीच्या चित्रात मावत नाही. अध्ययनाचा प्रत्येक प्रश्न एकाच उपपत्तीकडे न्यावा असे नाही. अर्थबोधाचा प्रश्न पियाजे-व्हायगॉट्स्कींकडे न्यावा, भाषेचा भाषाविज्ञानाकडे. पण सवय, भीती, हजेरी, सराव आणि खंड यांचे प्रश्न वर्तनवादाकडेच न्यावे लागतात.

खंडाचा प्रश्न बीडमध्ये सर्वांत निकडीचा आहे. मुलांना आजी-आजोबांजवळ गावातच ठेवून जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे जिल्ह्यात चालतात. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही मंजूर केली. त्यांमुळे मूल गावात राहते, ही मोठी गोष्ट आहे. तरीही जी मुले जातातच, ती परतल्यावर काय होते? एप्रिलमध्ये ते मूल आपल्या वयाच्या वर्गात बसते आणि फळ्यावर त्या वर्गाचा चालू घटक असतो. क्रमान्वित अध्ययनाचा पहिला नियम असा की, आरंभ अध्ययनार्थ्याच्या प्रवेश वर्तनापासून, म्हणजे त्याला आज जे येते तेथून, करावा आणि पायऱ्या इतक्या लहान ठेवाव्यात की बहुतेक पावले यशस्वी पडतील. स्थलांतरित मुलाला दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड त्याचा पट आणि इयत्ता एका शाळेतून दुसऱ्या शाळेत नेते. त्या कार्डावर, ऑक्टोबरच्या ज्या दिवशी टोळी हलली त्या दिवशी मुलाला हातच्याची वजाबाकी येत होती की नाही, जोडाक्षरे वाचता येत होती की नाही, हे एका ओळीत लिहिलेले असेल, तर एप्रिलमध्ये शिक्षकाला सुरुवात कोठून करायची ते कळेल.